शेवटचा अर्धा तास

ग्लेझ्ड हॅमची पाककृती शोधायला बसलं की थोड्याच वेळात एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. यात शिजवायचं असं काही उरलेलंच नसतं. डुकराची मागची तंगडी कुणीतरी, कुठेतरी आधीच मिठात मुरवलेली असते, धुरी देऊन, शिजवून, जाळीत बांधून दुकानात ठेवलेली असते. आपण ती घरी आणायची, ओव्हनमध्ये दोन-अडीच तास गरम करायची आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिच्यावर साखर-मोहरीचा पाक फासायचा. झालं. तरीही अमेरिकेतल्या घराघरांचा हॅमबद्दलचा सगळा अभिमान, सगळी भांडणं आणि सगळी गुपितं या शेवटच्या अर्ध्या तासात कोंबलेली असतात.

माझ्याकडे हे काम मानाने आलं. लेकाची सासुरवाडी व्हर्जिनियातली, रिचमंडची. ईस्टरचं जेवण वर्षानुवर्षं विहीणबाईंच्या घरी होतं आणि मध्यभागी हॅम असतो. त्यांची मनगटं हल्ली संधिवाताने धरतात. तापलेल्या ट्रेसकट चार किलोंचा ऐवज ओव्हनमधून उचलणं त्यांना जमेना. तेव्हा त्यांनी फोन करून सांगितलं, "या वर्षी हॅम तुम्ही करा." आमच्या अलिबागकडे विहिणीचा मान म्हणजे पाय धुणं, साडी-चोळी, पंगतीतली पहिली जागा आणि एवढं सगळं करूनही होणारे रुसवे. इथे तो मान डुकराच्या तंगडीच्या रूपाने माझ्या हाती आला. नाही कशी म्हणणार?

आम्ही सीकेपी. मटण, खिमा, कोलंबी, वजडी, सगळं घरात शिजायचं, पण डुक्कर नाही. कुणी मज्जाव केला होता असं नव्हे, रीतच नव्हती. मी पहिल्यांदा पोर्क खाल्लं ते बँकेतल्या एका वसईच्या मैत्रिणीकडे, नाताळात. तिच्या आईने केलेल्या इंदियालचा लाल, आंबट, तिखट रस्सा अजून जिभेवर आहे. त्यामुळे संकोच नव्हता. प्रश्न वेळापत्रकाचा होता. बऱ्याच वर्षी चैत्री पौर्णिमेनंतर लगेच येणारा रविवार हाच ईस्टर असतो. म्हणजे हनुमान जयंतीच्या सुंठवड्याची वाटी अजून ओट्यावर आणि फ्रीजचा खालचा कप्पा हॅमने अडवलेला. आमच्या ह्यांनी दोन दिवस फ्रीज उघडणं माझ्यावर सोडलं होतं.

विहीणबाईंकडे पाककृतींच्या कार्डांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातलं हॅमचं कार्ड त्यांच्या आईच्या हातचं. त्यावर ब्राउन शुगर, मोहरी, लवंगा, डब्यातल्या अननसाचा रस आणि ३२५ हा आकडा. प्रमाण नाही, वेळ नाही. प्रमाण नसण्याचं मला काही वाटलं नाही, आमच्या आईच्या वहीतही 'बेताने' आणि 'अंदाजे' यांचंच राज्य आहे. पण खाली एक ओळ होती: आधी टोकाकडचा भाग कापून टाकणे. का? विहीणबाईंना माहीत नव्हतं. मग त्याच हसत म्हणाल्या, आईचा ट्रे लहान होता, दुसरं काय असणार!

ही गोष्ट अमेरिकेत जुनी आहे आणि ती आपल्याच घरात घडली असं शपथेवर सांगणारी माणसं सगळीकडे भेटतात. नात विचारते, आई आजीकडे बोट दाखवते, आजी पणजीकडे, आणि पणजी सांगते, मला तेवढंच भांडं होतं. मला श्राद्धाच्या वेळी टोपलीखाली झाकलेलं मांजर आठवलं. ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात खरोखर लुडबुडत असणार. पुढच्या पिढ्यांनी मांजर मुद्दाम आणून झाकलं. विहीणबाईंच्या आईच्या बाबतीत ट्रे खरंच लहान होता की कार्ड लिहितानाच त्यांनी ही गंमत पेरून ठेवली, कोण जाणे.

कार्डावर भागेना, म्हणून इतर पाककृती धुंडाळल्या. जवळजवळ प्रत्येकीवर कुणा ना कुणा आजीचं नाव. पण आजीच्या मागे जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा एखादा कारखाना उभा असतो. अननसाचंच घ्या. जेम्स डोलने १९०१ मध्ये हवाईत अननसाची कंपनी काढली. पुढे १९११ मध्ये त्याने हेन्री जिनाका नावाच्या तंत्रज्ञाला कामावर ठेवलं आणि जिनाकाने अननस सोलून, गाभा काढून त्याचा नेमक्या मापाचा दंडगोल करणारं यंत्र बनवलं. एकसारख्या गोल चकत्यांचे डबे देशभर पोहोचले आणि मासिकांतल्या जाहिरातींनी त्या चकत्यांचं काय करायचं तेही शिकवलं. हॅमवर चकती, चकतीच्या भोकात लालभडक साखरेतली चेरी, हे चित्र तिथून घरोघरी गेलं. दक्षिणेत कोका-कोला ओततात. केंटकीत बोर्बन व्हिस्की, व्हरमाँटमध्ये मेपलचा पाक. ज्याच्या दारात जे गोड मुबलक, ते त्याच्या आजीचं.

अननसाच्या चकत्या मला आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकते. दिसायला सणासुदीच्या, पण चकतीखालचं मांस ओलं राहतं. तिथे पाक आळत नाही की खरपूस होत नाही. रस चालेल, चकत्या नकोत, असं मी मनाशी ठरवलं. विहीणबाईंना मात्र सांगितलं नाही.

खरा हॅम बघायचा तर स्मिथफील्डला जा, असं विहीणबाईंनीच सुचवलं. रिचमंडहून गाडीने दीडेक तासावर, पेगन नदीच्या काठचं हे छोटं गाव. आइल ऑफ वाइट काउंटीच्या संग्रहालयात एका काचेच्या पेटीत १९०२ सालचा हॅम ठेवलाय. काळाकुळकुळीत, सुरकुतलेला, आक्रसलेला. गावातले हॅमचे व्यापारी ग्वॉल्टनी यांच्या गोदामात तो आढ्याला टांगलेला राहून गेला. वीसेक वर्षांनी सापडला तेव्हा तो सडला नव्हता. त्यांनी त्याच्या गळ्यात पितळी पट्टा घातला, विमा उतरवला आणि आपला माल बर्फाशिवाय टिकतो हे पटवायला त्याला जत्रांतून पाळीव प्राण्यासारखं मिरवलं. आता त्याच्यावर कॅमेरा लावलेला आहे, जगात कुठूनही तो बघता येतो. ह्यांनी पेटीसमोर उभं राहून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "आपल्याकडे असता तर याचं देऊळ झालं असतं."

हॅम टिकतो कसा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर सुकत घातलेले बोंबील, खारवलेला बांगडा आणि सोडे बघत मी मोठी झाले. मीठ पाणी ओढून घेतं, पाणी गेलं की कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. फरक जाडीचा. बोंबील दोन दिवसांत वाळतो. इथे हाडाभोवती वीतभर मांस. मीठ हाडापर्यंत पोहोचायच्या आत हवा तापली तर तंगडी आतून नासते. म्हणून डुकरं मारायची ती पहिल्या कडक थंडीत, नोव्हेंबर-डिसेंबरात. ढोबळ हिशेब असा की दर पौंडाला दीड दिवस मिठात, म्हणजे वीस पौंडांच्या तंगडीला महिना. मग धुऊन टांगायची, हिकरीच्या लाकडाची मंद धुरी द्यायची, मुरू द्यायची. थंडी सरता सरता माल हाताशी येतो, आणि समोर ईस्टर असतो. ईस्टरला हॅम का, याचं उत्तर धर्मात कमी आणि हवामानात जास्त आहे. कोकणात किंवा गोव्यात ती थंडीच नाही. म्हणून तिथे मांसाचे बारीक तुकडे, मीठ, मिरची आणि व्हिनेगर, आणि त्यांचं होतं चोरीस नावाचं सॉसेज. तंगडी अख्खी टांगण्याची चैन त्या दमट हवेत परवडत नाही.

संग्रहालयातून बाहेर पडताना मनात आणखी एक गोष्ट होती. व्हर्जिनियातल्या मळ्यांवर मिठात हात घालणारे आणि धुरीघराची आग सांभाळणारे लोक बहुतांश गुलाम होते. कौशल्य त्यांचं, हॅमवर नाव मालकाचं. आजीच्या नावावर खपणाऱ्या पाककृती वाचताना हे आठवत राहिलं.

आणि सोरा. जुन्या पद्धतीत मिठाबरोबर चिमूट-दोन चिमूट सोरा चोळायचे. मांसाचा तो गुलाबी रंग आणि हॅमची म्हणून जी चव, ती त्याची करणी. सोऱ्यातल्या नायट्रेटचं जिवाणूंमुळे नायट्राइट होतं, ते मांसातल्या रंगद्रव्याला धरून बसतं आणि शिजवल्यावरही गुलाबी रंग सोडत नाही. शिवाय ते बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला वाढू देत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात जगाला सोरा पुरवणारा मोठा मुलूख म्हणजे आपला बिहार. पाटण्याच्या आसपास लोणिया लोक गावकुसाजवळची खारी माती खरवडून, पाण्यात गाळून, आटवून सोरा काढत आणि डच व इंग्रज कंपन्या तो जहाजांच्या तळाशी भरून नेत. तो गेला मुख्यतः तोफांच्या दारूसाठी, पण युरोपातल्या खाटकांच्या पिंपांतही पोहोचला. आता कारखान्यांत थेट नायट्राइट वापरतात. अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तेव्हा सणाला खावं आणि पुढच्या सणापर्यंत विसरावं, हे माझं मत.

स्मिथफील्डचा हॅम मात्र आमच्या कामाचा नव्हता. तो आणला की बुरशी ब्रशने घासायची, पाणी बदलत बदलत भिजत घालायचा, मंद उकळायचा, आणि एवढं करून तो इतका खारट की कागदासारखा पातळ कापून बिस्किटात, म्हणजे तिथल्या छोट्या मऊ पावात, घालून खायचा. "तो पाव किलो पुरतो," विहीणबाई म्हणाल्या. ईस्टरच्या टेबलावर जाड काप पडणारा, रसदार, सौम्य हॅम लागतो. त्याला तिकडे सिटी हॅम म्हणतात. योगायोग बघा, १९२६ साली व्हर्जिनियाने कायदा करून ठरवलं की स्मिथफील्ड गावात मुरलेला हॅमच स्मिथफील्ड हॅम म्हणवला जाईल, आणि त्या वेळी डुकराने भुईमूग खाल्लेला असणंही त्यात होतं. त्याच वर्षी मिनेसोटात हॉर्मेल कंपनीने डब्यातला हॅम बाजारात आणला. सावकाशीला कायद्याचं कुंपण घालायची वेळ आली, कारण घाई दुकानात येऊन पोहोचली होती. आता सुयांनी खारं पाणी थेट मांसात टोचतात. महिन्याचं काम दिवसांवर आलं.

त्यामुळे दुकानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चष्मा. लेबल वाचायचं. नुसतं 'हॅम' लिहिलेलं असेल तर चरबी वगळून उरलेल्या भागात किमान २०.५ टक्के प्रथिनं असावी लागतात. 'नैसर्गिक रसांसह' असेल तर १८.५. 'पाणी घातलेला' असेल तर १७. त्याच्याही खाली 'हॅम आणि पाणी' अशी एक जात आहे, तिथे भर घातलेल्या जिनसांची टक्केवारी छापावी लागते. आपल्याकडे दुधात पाणी घालणारा गवळी निदान चोरून घालायचा. इथे सरकारमान्य पाणी रांगेत मांडून ठेवलेलं. पण हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. पाणी जास्त असलं की ओव्हनमध्ये ते सुटतं, वरचा भाग घामेजतो आणि पाक घसरून ट्रेमध्ये जमा होतो. ज्या अर्ध्या तासासाठी एवढा खटाटोप, तो या छोट्या अक्षरांत ठरतो.

दुसरी निवड कापलेला की न कापलेला. हाडाभोवती चक्राकार कापलेला हॅम आता सगळीकडे मिळतो. हॅरी होन्सेलार नावाच्या डेट्रॉइटच्या माणसाने त्यासाठी यंत्र बनवून १९५२ मध्ये पेटंट घेतलं आणि १९५७ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. सोयीचा आहे, वाद नाही. पण कापांच्या फटींतून रस निघून जातो आणि पाक आत झिरपतो, वर थर बसत नाही. मी हाडासकट, न कापलेला, नळीकडचा अर्धा भाग घेतला. त्यात एक सरळ हाड असतं, त्यामुळे कापायला सोपं. मांडीकडच्या भागात मांस जास्त, पण आत वेडंवाकडं हाड लपलेलं. पाहुण्यांसमोर त्याच्याशी झटापट नको.

आता कृती, जेवढी आहे तेवढी. हॅम तासभर आधी बाहेर काढला. चरबीवर सुरीने तिरप्या रेघा ओढून शंकरपाळ्या पाडल्या. सुरी चरबीतच राहायला हवी; मांसात गेली की रस तिथून निघतो. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात लवंग टोचायची असते, पण मी मोजक्याच टोचल्या. सगळ्या कोपऱ्यांत लवंगा म्हणजे हॅम दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखा लागतो. कापलेली बाजू खाली, ट्रेमध्ये कपभर पाणी, वर फॉइल घट्ट, आणि ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १६३ सेल्सिअस. पौंडाला साधारण पंधरा मिनिटं. आतलं तापमान १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस झालं की काम झालं, कारण तो शिजलेलाच असतो. कच्ची तंगडी असती तर हिशेब निराळा. थर्मामीटर हाडाला टेकवायचा नाही, हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापतं.

दरम्यान पाक. इथे मला एकदम घरी आल्यासारखं झालं. अमेरिकन पाककृती म्हणतात 'सिरपसारखा होईपर्यंत' किंवा 'चमच्याला धरेपर्यंत'. अरे, कोणतं सिरप, कोणता चमचा? बोटांत धरून तार बघा की! ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत परत मिसळलेली काकवीच, मग मधला प्रवास कशाला? मी सरळ गूळ घेतला. कपभर किसलेला गूळ, अर्धा कप अननसाचा रस, पाव कप सायडर व्हिनेगर, भरड मिरपूड. कच्चा एकतारी झाला की गॅस बंद. त्याच्या आधी उतरवला तर तो पाण्यासारखा ओघळतो, दोनतारीपर्यंत गेला तर ब्रशलाच धरून बसतो आणि हॅमवर पसरतच नाही.

मोहरी डब्यातली घेतली नाही. पिवळी मोहरी थोड्या पाण्यात वाटून, फेसून, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. मोहरीचा ताव पाण्याने जागा होतो आणि आचेने मरतो, म्हणून ती गॅस बंद केल्यावरच पाकात घालायची. ओव्हनमध्ये तिचा बराचसा जोर जातोच. पण ती पाकाला दाटपणा देते, धरून ठेवते आणि गोडाची किटकिट मोडते. थोडी कच्चीच वाटीत वेगळी ठेवली, ताटात घ्यायला. ती वाटी लेकाने एकट्याने संपवली.

फॉइल काढली, ट्रेमधलं पाणी काढून घेतलं आणि वरचा भाग कागदाने टिपून कोरडा केला. हे कुठल्याच कार्डावर नव्हतं, पण ओल्या अंगावर पाक बसत नाही हे काय सांगायला हवं? ओव्हन ४०० फॅरनहाइटवर. पहिला हात, दहा मिनिटं. दुसरा हात, दहा मिनिटं. तिसरा हात आणि मग ओव्हनच्या काचेसमोरून हलायचं नाही. गूळ साखरेपेक्षा लवकर काळवंडतो. सोनेरी, तांबूस, मग काकवीचा रंग. त्यापुढे दोन मिनिटांत कडूपणा सुरू होतो. चौकटींच्या कडा उचलल्या गेल्या, चरबी पारदर्शक झाली, पाकाचे बुडबुडे मोठे आणि संथ झाले. तिथे थांबले. बाहेर काढून वीस मिनिटं झाकून ठेवला, मग गाडीत, लेकाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळून.

विहीणबाईंनी पहिला काप घेतला आणि वरचा थर आधी वेगळा काढून खाल्ला. मग दुसरा घेतला. "थर माझ्यापेक्षा चांगला झालाय," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात पंगतीत पहिली जागा घेतली तोच पुढचं वाक्य आलं, "पण अननस आणि चेरीशिवाय तो कपडे न घालता आल्यासारखा दिसतो." त्यांच्या भावाने मान डोलावली. सून म्हणाली, चकत्यांखाली नेहमी पचपचीत व्हायचं, आई. त्यावर टेबलावर जे सुरू झालं त्यात मेपल, मध, कोला, १९७० च्या दशकातली कुठलीशी मावशी आणि तिची जर्दाळूची जॅम-बाटली असं सगळं निघालं. मिठात मुरलेल्या त्या मांसाबद्दल, त्याच्या धुरीबद्दल, त्या तंगडीच्या दिवसांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे भांडत होते ते वरच्या दोन मिलिमीटरांबद्दल. मीही.

हाडाचा प्रश्न निघाला तेव्हा मला ते हवं होतं. फ्रीजरमध्ये सोललेल्या वालांची पिशवी होती आणि त्या हाडावर डाळिंब्या शिजवायचा बेत मी आठवडाभर रचत होते. पण हाड यजमानीणबाईंचं, पांढऱ्या बीन्सच्या सूपसाठी, ही तिथली रीत. मला ट्रेमधला रस आणि काठाचे तुकडे मिळाले. डाळिंब्या त्यावरही उत्तम झाल्या, फक्त मीठ घालावं लागलं नाही. पुढच्या वर्षी हॅम सून करणार आहे. चकत्या नाहीत, गूळ नाही. तिने बोर्बनची एक बाटली आत्तापासूनच वरच्या फळीवर मागे सरकवून ठेवली आहे.